रुपाजीची सांगड

किती वर्षं झाली ते विचारू नका. कोणाला ठाऊक नाही, आणि जो आकडा सांगेल तो थापा मारतो. तेव्हा इंजिन नव्हतं, धक्का नव्हता, बर्फाची गाडी येत नव्हती. वारा आणि दंड, या दोनच गोष्टींवर दर्या चालायचा. एवढं धरा आणि ऐका. मधे बोलायचं नाही.

आमची वाडी, वायंगवेळ, आता आहे तशीच तेव्हाही होती. पुढं वाळूची पुळण, मागं माड, आणि समोर पाण्यात कालवांचा खडक. अवसेच्या मोठ्या ओहोटीला पुळणीपासून खडकापर्यंत वाळूचा दांडा उघडा पडतो. बायका त्यावरून चालत जातात, कालवं फोडतात आणि पाणी फिरायच्या आत परत येतात. भरती पुरी झाली की खडक पाण्याखाली. तिथं मग मासा राहतो, माणूस नाही.

आमची होडी म्हणजे आंब्याचं एक खोड कोरून केलेली. अरुंद. आत बसलं की दोन्ही गुडघे काठाला लागतात. अशी होडी एकटी पाण्यात सोडली तर शिंक आली तरी उलटते. म्हणून तिच्या डाव्या अंगाला, थोड्या अंतरावर, पांगाऱ्याचा हलका ओंडका बांधतात. दोन आडवे दांडे, आणि दांड्यांच्या टोकाला हा ओंडका. त्याला म्हणतात उलांडी. ती पाण्यावर पडून राहते आणि होडीला सावरते. आणि हे सगळं बांधायचं ते काथ्याच्या सुंभानं. बांधायला माणसं दोन लागतात. एकानं वेढे द्यायचे, दुसऱ्यानं पाय रोवून ओढायचं. एकट्याचं ते काम नाही. बांधून झालं की वर खारं पाणी मारायचं, मग सुंभ आवळतो. लाटेवर ते बांधणं करकरतं. करकरतं तोवर ते जिवंत आहे असं समजायचं.

तर त्या काळी वाडीत आबा तांडेलाची होडी सगळ्यात जुनी. असं म्हणतात की वल्हं सोडून निजलं तरी ती घरची वाट धरायची. आबाला दोन मुलगे. थोरला रुपाजी, धाकटा लुमा. रुपाजी तापट. इतका तापट की समुद्रातून न्हाऊन वर आला तर अंगातून वाफ निघायची, असं म्हणतात. त्याला बायको नव्हती. कोण देणार त्याला पोरगी? लुमा गप्प. पण गप्प माणूस जास्त वाईट, तो विसरत नाही.

आबा मेला. दिवसपाणी झालं आणि दोघं वाटणीला बसले. घर वाटलं, माड वाटले, जाळी वाटली. होडी एक. रुपाजी म्हणाला, खोड मी कोरलं, होडी माझी. लुमा म्हणाला, पांगारा मी खांद्यावरून आणला, मग उलांडी माझी. आता सांगा. उलांडीवाचून होडी बुडणार आणि होडीवाचून उलांडी म्हणजे चुलीचं लाकूड. एवढी अक्कल शेंबड्या पोरालाही असते. पंच होते तिथं, पण पंच तरी कसले, घरात ज्यांना कोणी विचारत नाही असे चार म्हातारे. त्यांनी माना हलवल्या. लुमानं कोयता उचलला आणि बापाच्या हातचं बांधणं तोडलं. असं म्हणतात, सुंभ तुटला तेव्हा होडी कण्हली. पुळणीवरच्या सगळ्यांनी ऐकलं. या दोघांनी नाही ऐकलं.

त्यांची आई भागू. तिनं दोघांना शिव्या घातल्या नाहीत. दोघं एका ताटात जेवाल तेव्हा तुमच्या घरचं खाईन, तोवर माझं मी बघते, एवढं बोलली आणि आपलं गाठोडं उचलून पुळणीवरच्या मांगरात राहायला गेली. मांगर म्हणजे जाळी ठेवायचं खोपट. त्या वयात ती कालवं फोडायची, काथ्या वळायची, त्यावर जगायची. पण पोरांच्या दारात गेली नाही.

लोकलाज होती म्हणून पंचांनी त्या मांगराचीही वाटणी केली. दर्याकडची बाजू रुपाजीनं शाकारायची, माडांकडची लुमानं. दोघंही दरवर्षी शाकारत. माडाची चांगली झापं घालत, खोटं कशाला बोला. पण मधलं आढं कोणाचं? वाटणीत त्याचं नाव निघालं नव्हतं. रुपाजीची झापं आढ्याच्या अलीकडे थांबायची, लुमाची पलीकडे. मधून वीतभर आभाळ दिसायचं. दर पावसाळ्यात आढ्यावरून पाणी गळायचं आणि म्हातारी खाली मडकं ठेवून निजायची. आढ्यावर एक झाप टाकलं असतं तर काय कोणाचे हात झडले असते? पण एकानं टाकलं तर दुसरा म्हणणार, हरला. अशी गाढवं आमच्याच दर्यावर निपजतात.

पुढं रुपाजीनं आपल्या होडीला नवी उलांडी बांधली. लुमानं आपल्या उलांडीसाठी नवी होडी कोरली. बांधायच्या वेळी मात्र लुमानं काय केलं, तर उलांडी उजव्या अंगाला बांधली. का? तर रुपाजीची डावीकडे होती म्हणून. दुसरं कारण नाही. अख्ख्या किनाऱ्यावर अशी होडी कोणी पाहिली नव्हती. पुळणीवर होड्या शेजारीशेजारी ओढतात, सगळ्यांच्या उलांड्या एका बाजूला. ही मधे घातली की शेजारच्या उलांडीत अडकायची. मग लुमा आपली होडी लांब टोकाला नेऊन ठेवायचा, एकटी. बायका हसायच्या, लुमाची होडी पदर उलट्या खांद्यावर घेते म्हणायच्या. लुमाची बायको सरसू, तीही हसायची, तोंडाला पदर लावून.

बरीच वर्षं अशी गेली. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. वाटेत समोर आले तर एक माडाकडे बघायचा, दुसरा दर्याकडे.

मग तो दिवस आला. कार्तिकातली अवस. वाडीतले गडी मोठ्या होड्या घेऊन लांब दक्षिणेला मासेमारीला गेले होते. हे दोघं तेवढे मागं. एकाला घेतलं तर दुसरा रुसायचा, दोघांना घेतलं तर होडीत मारामारी, म्हणून तांडेल लोकांनी दोघांनाही घेणं सोडलं होतं. सकाळी पाणी तेलासारखं होतं. दहा-बारा बायका वाळूच्या दांड्यावरून खडकावर गेल्या. त्यात सरसू होती. आणि भागू म्हातारी होती.

लुमा माडाखाली बसून जाळं सांधत होता. आधी त्याच्या लक्षात आलं की बगळे उडाले. मग दक्षिणेकडचं आभाळ काळं पडलं. मग वारा आला, आणि वाऱ्यानं ओहोटी पुरी होऊच दिली नाही. जे पाणी दोन घटकांनी फिरायचं ते आधीच फिरलं. लुमा उठून पुळणीवर आला तोवर दांडा दिसेनासा झाला होता. जिथून बायका चालत गेल्या तिथून लाटा चालत येत होत्या. खडकावर बायका एका जागी गोळा झालेल्या दिसत होत्या, रंगीत पदर तेवढे. त्यांच्या हाका वाऱ्यानं मोडून पडत होत्या. भरती अजून अर्धीसुद्धा झाली नव्हती.

पुळणीवर म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, आणि हे दोघं. होड्याही दोनच.

रुपाजी कोणाला न विचारता आपली होडी घेऊन पाण्यात घुसला. आता ऐका, तिथलं पाणी कसं आहे ते. खडक आणि पुळण यांच्या मधे एक अरुंद तोंड आहे. दर्याची लाट येते ती डावीकडून. पण ती खडकावर आपटते आणि उजवीकडून परत फिरते. उधाणात त्या तोंडाशी दोन्ही अंगांनी पाणी मारतं. रुपाजीच्या उलांडीखाली लाट घुसली, उलांडी आभाळाकडे गेली, होडी पालथी. लाटेनं त्याला मासळीच्या टोपलीसारखं वाळूवर फेकलं. लुमानं ते पाहिलं, पण त्याला हसू आलं नाही. तो आपली होडी घेऊन घुसला. त्याला डावीकडच्या लाटेनं जाऊ दिलं, आणि परत फिरणाऱ्या लाटेनं उजवीकडून उचललं. तोही वाळूवर आला, तोंडातून रक्त, होडी उलटी.

दोघं उठले. दोघांच्या अंगाला वाळू, दोघांच्या नाकातोंडात पाणी. मधे काही पावलं.  लुमाला खडकावरचे पदर दिसत होते, आधी होते त्याहून वर सरकलेले. त्याला वाटत होतं की आता आपण काहीतरी बोलावं, पण इतक्या वर्षांनी पहिला शब्द कुठला काढायचा ते त्याला सुचेना.

रुपाजीला सुचला.

"उलांडी उजवीकडे कित्याक बांधलंस रे, गाढवा?"

लुमा म्हणाला, "तुझी डावीकडे होती म्हणान."

रुपाजी त्याच्याकडे बघत राहिला. मग त्या दोन होड्यांकडे. मग म्हणाला, "मगे आण हकडे. बाजूक लाव."

लुमाला कळलं. दोन होड्या शेजारी ठेवल्या की रुपाजीची उलांडी डाव्या अंगाला बाहेर, लुमाची उजव्या अंगाला बाहेर. मधे दोन खोडं, दोन्ही बाजूंना दोन उलांड्या. लाट डावीकडून येवो की उजवीकडून, सावरायला कोणीतरी आहे. वायंगवेळेत सगळ्यांच्या उलांड्या डावीकडे, म्हणून अशी सांगड कोणी कधी बांधलीच नव्हती, बांधता आलीच नसती. एका माणसाच्या द्वेषानं ती गोष्ट जगात आली. असं म्हणतात की देवाला जे सुचत नाही ते भावकीला सुचतं.

पण दोन होड्या जोडायला लांब वासे हवेत. ते कुठून आणायचे? दोघांची नजर एकदमच मांगराकडे गेली. दोघं धावले, आईचं छप्पर उपसलं, आपापल्या बाजूची झापं आपापल्या हातानं फेकली. छपराच्या उताराचा एक वासा निघाला, भक्कम. आणि लांबीला पुरेल असं दुसरं एकच लाकूड होतं, मधलं आढं. वरून धुरानं काळंभोर, दिसायला लोखंड. रुपाजीनं त्यावर मोगरी मारून पाहिली.

आढं बद्द वाजलं.

भरीव लाकूड खणखणतं. पोकळ लाकूड बद्द वाजतं. हे दोघांना माहीत होतं, आबानं शिकवलेलं. लुमानं तो आवाज ऐकला. रुपाजीनं ऐकला हेही त्याला दिसलं. बोलायचं तर काय बोलायचं? आढं कुजलं म्हणायचं तर कोणी कुजवलं तेही आलं. दोघं गप्प राहिले. आढं उचललं आणि पाण्याकडे धावले. दुसरं लाकूड शोधायला वेळ नव्हता, ही गोष्ट खरी. पण तोंड उघडायला तर वेळ होता.

एक म्हातारा खिळे घेऊन आला, ठोका लवकर म्हणाला. रुपाजीनं खिळे हिसकून वाळूत फेकले. खिळा हट्टी असतो, लाट आली तरी हलत नाही, आणि मग लाकूड फाटतं. सुंभ थोडं सोडतो, थोडं धरतो. मागं वासा, पुढं आढं, आणि दोघं बांधायला बसले. एकानं वेढे दिले, दुसऱ्यानं पाय रोवून ओढलं. इतक्या वर्षांत एकत्र काही केलं नव्हतं, पण हात विसरले नव्हते. कुठं ओढायचं, कुठं थांबायचं, सांगावं लागलं नाही. मांगराचं कवाड उचकटून मधे टाकलं, बायकांना बसायला. असं म्हणतात, चूल पेटून भात शिजायच्या आत ती सांगड बांधून झाली. आजच्या कोणी बांधून दाखवावी.

डाव्या होडीत रुपाजी, उजव्या होडीत लुमा. सांगड पाण्यात गेली आणि चारही बांधणी एकदम करकरली. तोंडाशी दोन्ही अंगांनी लाट उठली. असं म्हणतात, माडाएवढी. डावीकडची रुपाजीच्या उलांडीनं घेतली, उजवीकडची लुमाच्या. सांगड वाकली, मुरडली, आणि पार झाली.

खडकावर पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं. बायका हात धरून उभ्या होत्या, रडायच्याही पलीकडे गेलेल्या. रुपाजीनं सांगड आडोशाला धरली आणि लुमानं एकेकीला ओढून घेतलं. भागू म्हातारी सगळ्यात शेवटी आली. कंबरेला कालवांची पिशवी तशीच होती. तिनं दोन होड्या पाहिल्या, मधलं आढं पाहिलं, ते आपल्या डोक्यावरचं म्हणून ओळखलं. मग दोन मुलगे पाहिले.

"खय होत्यात इतको येळ?" म्हणाली.

लुमानं हात देऊन तिला वर घेतलं. ती पुढच्या बाजूला, आढ्याजवळ बसली.

परत येताना सांगड जड झाली होती. तोंडाशी आली, आणि तिथं लाटेनं उचलून आपटली, आणि आढं मधोमध मोडलं. आवाज मोठा झाला नाही. कुजलेलं लाकूड मोडताना ओरडत नाही. आतून भुसा उडाला आणि पाण्यात गेला. पुढची टोकं एकमेकांपासून फाकायला लागली, मागचा वासा एकटा पिळवटायला लागला. आणखी दोन लाटा, की वासाही गेला असता, आणि मग होड्या दोन दिशांना, आणि बायका मधल्या पाण्यात.

लुमा ओरडणार तोवर रुपाजीनं वल्हं टाकलं होतं. तो पुढं सरकला आणि दोन होड्यांच्या मधे पालथा पडला. पाय आपल्या होडीच्या काठाखाली अडकवले, हात लुमाच्या होडीच्या काठाखाली घातले, आणि छाती-पोट मधल्या पाण्यावर. आढ्याच्या जागी. टोकं फाकायची थांबली.

"आढा आपणच कुजवला, लुमा," तो म्हणाला. "हात सुटतले माझे. बांध माका."

लुमा हातात सुंभ घेऊन गुडघ्यावर बसला. तो रुपाजीच्या मनगटाला लावायचा आणि त्याचे हात मागं यायचे.

"दादा, तुका बांधूक माझो हात कसो जातलो?"

"कोयतो चलवलंस तेवा गेलो मां? आता बांध."

लुमानं बांधलं. एकट्याचं ते काम नाही, म्हणून आई पुढं झाली. लुमानं वेढे दिले आणि म्हाताऱ्या भागूनं काठाला पाय रोवून ओढलं. आधी हात बांधले, मग घोटे. मुलाला आईनं आणि भावानं मिळून होडीला बांधलं. बाकीच्या बायका बघत होत्या. त्यांनी नंतर घरोघरी सांगितलं म्हणून आपल्याला ठाऊक आहे.

रुपाजीचं वल्हं वाहून चाललं होतं ते सरसूनं धरलं. त्या काळी बाईनं वल्ह्याला हात लावायचा नाही असा नियम होता, आणि थोरल्या दिरासमोर तर ती मान वर करत नसे. तिनं पदर खोचला आणि त्याच्या जागी बसून वल्हं मारलं. या अंगाला सरसू, त्या अंगाला लुमा. प्रत्येक लाट दोन होड्यांच्या मधून यायची ती रुपाजीच्या पोटावर. भागूनं त्याचं डोकं आपल्या दोन्ही हातांत वर धरलं होतं, तोंडात पाणी जाऊ नये म्हणून. असं म्हणतात की त्या वाटेवर सांगडीच्या बांधणीबरोबर रुपाजीची हाडंही करकरत होती, आणि कुठला आवाज लाकडाचा आणि कुठला माणसाचा ते कळत नव्हतं. असंही म्हणतात की तोंड पार केल्यावर मधलं पाणी एकदम निवळलं, तांब्यातल्या पाण्यासारखं, आणि पुळणीला लागेपर्यंत तसंच राहिलं. बाहेर उधाण, आणि रुपाजीच्या खाली एक लाट नाही.

सांगड वाळूला लागली. बायका उतरल्या. एकेक उतरताना रुपाजीच्या पाठीला हात लावत गेली. पाठ गरम होती, असं म्हणतात. वाफ निघत होती म्हणतात.

लुमा सुंभ सोडायला बसला. खाऱ्या पाण्यानं गाठी आवळून दगड झाल्या होत्या. नखं मोडली, मग त्यानं दात लावले. तो म्हणत होता, दादा थांब, सोडवतंय, थांब. कोणीतरी मागून कोयता पुढं केला तर त्याच्या अंगावर धावून गेला. कारण आमच्याकडे असं आहे की होडीचा धनी जिवंत असेपर्यंत तिचं बांधणं कोयत्यानं तोडत नाहीत, हातानं सोडतात. तोडतात ते धनी गेल्यावर.

भागू म्हातारीनं अजून रुपाजीचं डोकं धरलेलं होतं. तिनं ते हळूच काठावर टेकवलं.

"लुमा," ती म्हणाली, "कोयतो घे."

तेव्हा लुमाला कळलं.

त्यानं बांधणं तोडलं, पण फक्त भावाचं. सांगड तोडली नाही. दोन होड्या पुन्हा वेगळ्या केल्या नाहीत, कधीच नाही. आढ्याच्या जागी त्यानं उंडीचं सरळ लाकूड घातलं, आणि त्यासाठी लागणारं दुसरं माणूस म्हणून आईला बसवलं. मांगर पुन्हा उभा केला. आढ्यावर आधी झापं घातली, मग दोन्ही बाजूंना. भागू त्या दिवसापासून सांगडीवर बसून जेवायची, आणि लुमा तिच्या ताटात. तिसरा घास ती पाण्यात टाकायची. मरेपर्यंत असंच जेवली.

ती सांगड पुढं खाडीवर, माणसं पलीकडे नेणारी तर म्हणून चालली. नवरीच्या वराती तिच्यावरून गेल्या, आजारी गेले, गुरं गेली. बैल उभा केला तरी डुगडुगायची नाही. लांबलांबचे तांडेल बघायला यायचे, बसून मापं घ्यायचे. लुमा सगळ्यांना शिकवायचा. दोन खोडांमधे किती पाणी ठेवायचं, वेढे किती, कुठं ओढायचं. असं म्हणतात की पार गोव्यापर्यंत ज्या जोडहोड्या चालायच्या त्या सगळ्यांच्या गाठी लुमाच्या हातच्या. आपल्या भावाचं नाव तो काढत नसे. कोणी विचारलं, हे कोणी काढलं, तर म्हणायचा, थोरल्यानं. आणि सगळं सांगून झालं की शेवटी एक गोष्ट सांगायचा. लाकूड ठोकून बघा, आणि बद्द वाजलं तर बोला. मोठ्यानं बोला. कोणाचं का असेना.

वादळाच्या आधी खडकाच्या तोंडाशी अजून करकर ऐकू येते, होडी नसताना. ऐकली की तांडेल मागं फिरतात. ज्याला ऐकू येत नाही त्यानं कान धुवून यावं, आणि ज्याला ही थाप वाटते त्यानं त्या दिवशी खुशाल जावं, कोणी अडवणार नाही.

वायंगवेळेत आज लाकडाच्या होड्या थोड्या उरल्या. पण नवी होडी, मग ती कसलीही असो, पाण्यात जाते ती रुपाजीच्या गाठीनंतर. ती गाठ पुढच्या आडव्या दांड्यावर मारायची, सुंभाची, आणि ती मारायला बोलवायचं ते ज्याच्याशी धन्याचं बोलणं बंद आहे त्याला. त्यानं वेढे द्यायचे, धन्यानं ओढायचं. असं कोणी नसेल तर आईनं मारायची, पण असं कोणी नसलेला माणूस वायंगवेळेत अजून जन्माला यायचाय. बोलावलेला येईपर्यंत होडी पुळणीवर. मग महिना जावो.

मागल्या साली वाडीतल्या सुदननं पाहुण्यांना फिरवायला फायबरची जोडहोडी आणली. दोन पांढरी खोडं, वर छप्पर, मागं इंजिन, सगळं कारखान्यात एकसंध ओतलेलं. बांधावा असा एक सांधा नाही. पाहुणे बॅगा घेऊन पुळणीवर खोळंबले. सुदन पुढच्या दांड्याजवळ सुंभ घेऊन बसून राहिला, तोंड पाडून. त्याचा चुलतभाऊ विलू, शेताच्या बांधावरून यांचं सात-आठ वर्षं वाकडं, तो घरात होता. एक म्हातारी जाऊन सांगून आली. बराच वेळ कोणी आलं नाही. पाहुण्यांतला एकजण घड्याळ बघायला लागला, त्याला गप्प बसवलं.

मग विलू आला. चड्डी-बनियनवर, दाढी अर्धी केलेली. कोणाकडे बघितलं नाही. होडीपाशी गेला, सुंभ घेतला, त्या गुळगुळीत दांड्यावर वेढे दिले. सुदननं पाय रोवून ओढलं. विलूनं ओंजळीनं खारं पाणी मारलं, गाठ बोटानं दाबून बघितली, पुन्हा एकदा ओढायची खूण केली. सुदननं पुन्हा ओढलं.

विलू हात पुसत निघून गेला. दोघं बोलले नाहीत. सुदननं होडी पाण्यात घेतली आणि इंजिन चालू केलं.